खुंट्याला हात लागला की

आत्याला ओव्या म्हणायला सांगितलं की ती हात झटकते. "आता कुठं ध्यानात ऱ्हात्यात बाबा? गिरणी आली अन् ओव्या गेल्या." नेवासे तालुक्यातल्या तिच्या घरी जातं आहे, पण पडवीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली. लग्नाची हळद दळण्यापुरतं ते बाहेर निघतं.

परवा मी ते ओढून काढलं. खुंटा ठोकून घट्ट बसवला, शेजारी सुपात बाजरी ठेवली. आत्या एक पाय लांब करून बसली. दोन फेरे झाले नाहीत तोच तिचा गळा आपसूक लागला. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. भावाशी ती रेंगाळली, तीच ओळ पुन्हा घोळवली. घास घालायला हात उचलला की ओळ थांबायची, हात खुंट्यावर परतला की पुढची यायची. "जातं फिरलं की येत्यात," म्हणाली.

चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, 1129 च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरांनी याच नेवाशात गीता मराठी ओवीत आणली ती 1290 मध्ये. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं ओवी मुसळाच्या ठेक्यावर नांदत होती! ज्या पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्याभोवती आज मंदिर आहे, आणि ते असायलाच हवं. पण बायांच्या ज्या कष्टातून तो छंद आला, त्यातलं जातं पोत्याखाली असावं, हे मनाला लागतं.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारणीचं नाव-गाव जपलं, कितीतरी गळे ध्वनिमुद्रित करून ठेवले. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात आज ते ऐकता येतात. हे फार मोलाचं काम झालं, कारण छापलेल्या ओवीत 'गं बाई' कुठं लांबवलं, दम कुठं घेतला, ते दिसत नाही.

तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेली आजी, आत्या, मावशी असेल, तर या दिवाळीला जातं बाहेर काढा. फोन जवळ ठेवा आणि दळण जरा जास्तच घ्या. आमच्या सुपातली बाजरी संपली तेव्हा सतरा ओव्या झाल्या होत्या, आणि आत्या आणखी दाणे मागत होती.