शहाची नक्कल करता येत नाही

बुद्धिबळात ‘इंग्लिश’ नावाची एक सुरुवात आहे. १८४३ साली पॅरिस येथे सेंट आमाँशी झालेल्या सामन्यात हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने ती खेळली, त्यावरून हे नाव रूढ झाले. पांढरा वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो. काळ्यानेही तेच केले की डाव सममित होतो. पुढे घोड्यास घोडा, उंटास उंट. पटावर जणू आरसा उभा राहतो. परंतु पांढरा सदैव एक खेळी पुढे असतो. त्याने शह दिला की नक्कल बहुधा संपते. काळ्याला प्रथम स्वतःचा राजा वाचवावा लागतो.

समतोल कितीही काळ टिकला, तरी तो एका क्षणी ढळू शकतो. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे पहिले तीन डाव बरोबरीत सुटले; चौथ्या, जलद डावात दिव्याने बाजी मारली.

रिसोडमधील माझ्या दवाखान्यात येणारी अनेक वृद्ध दांपत्ये असाच सममित संसार करतात. चहा एका वेळी, उपवासही एकाच दिवशी. हे साहचर्य लोभस खरे. पण दोघांची शरीरे सारखी नसतात. एका एकादशीला आजोबांनी निराहार उपवास धरला, म्हणून आजींनीही धरला. इन्सुलिन मात्र एकट्या आजींना होते, आणि ते त्यांनी नेहमीप्रमाणे घेतले. दुपारी दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे. सुनेने वेळीच ओळखून साखरपाणी पाजले, म्हणून आजी सावरल्या.

अशी लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरातील दोघांच्या औषधांचे डबे वेगळे ठेवा, त्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहा. उपवासापूर्वी आपल्या गोळ्या व इन्सुलिनविषयी डॉक्टरांना विचारा. जोडीदाराची साथ अवश्य करा. औषध आणि आहार मात्र ज्याचा त्याचा असू द्या.