उलटा डोंगर

डोंगर म्हटला की आपल्या मनात त्याचा एक ठरलेला क्रम असतो. राजगड असो की कळसूबाई, आधी घाम गाळीत चढायचे, माथ्यावर पिठलं-भाकरी खायची आणि दुपार कलली की उताराने घरची वाट धरायची. अंगात जोम असतो तेव्हा चढण, थकवा येतो तेव्हा उतरण. सह्याद्रीचा हा व्यवहार मोठा समंजस आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये मात्र सारा मामला उलटा! तिथे डोंगर जणू जमिनीत उलटा पुरलेला आहे. सकाळी ताज्या पायांनी माणूस खाली उतरत जातो, आपण फार तयारीचे गडी आहोत असे त्याला वाटू लागते, आणि मग तळाशी कोलोरॅडो नदी लागते. खरा डोंगर तिथून सुरू होतो.

ही दरी धावत ओलांडायची आणि धावतच परत यायचे, हा बेत माझ्या मित्राचा. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही दोघे पहाटे पर्वती चढत असू. पुढे तो नोकरीसाठी फीनिक्सला गेला आणि तिथलाच झाला. २०२२ च्या ऑक्टोबरात कोलंबस दिनाची सोमवारची सुट्टी धरून आम्हांला तीन दिवस मिळाले. पन्नाशी उलटलेली दोन माणसे पाठीवर पिशव्या बांधून दरीत धावायला निघाली आहेत हे ऐकून घरच्या मंडळींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन न केलेलेच बरे.

शनिवारी दक्षिण काठावरून उत्तर काठावर जायचे, ते अंतर ३४ किलोमीटर. रविवारी विसावा. सोमवारी दुसऱ्या वाटेने परत, ३८ किलोमीटर. दोन्ही काठांमधले अंतर पक्ष्याला विचारले तर तो सोळा किलोमीटर सांगेल. मोटारवाल्याला मात्र सुमारे ३४० किलोमीटरचा वळसा पडतो. जिम वॉम्स्ली नावाच्या धावपटूने २०१६ साली ही जाऊन-येऊन फेरी सहा तासांच्या आत पुरी केली होती. आम्हांला तसले काही करायचे नव्हते. उतारावर आणि सपाटीवर पळायचे, चढावर झपझप चालायचे, आणि जो मागे पडेल त्याची चाल तीच दोघांची चाल, एवढा एकच नियम आम्ही ठरवला.

पहाटे साडेपाचला, कपाळावर दिवे बांधून, साउथ कैबॅबच्या वाटेने आम्ही उतरू लागलो. या वाटेवर ना पाणी, ना सावली. तांबडे फुटले आणि समोरच्या अंधारातून एकेक शिखर वर येऊ लागले. त्यांची नावे ऐकून मराठी माणूस चकित होतो. समोर ब्रह्मा, त्याच्या शेजारी झरथुष्ट्र, पूर्वेकडे विष्णू, आणि पश्चिमेला दूर शिव! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाला ही शिखरे पौर्वात्य देवळांसारखी दिसली. विष्णू आणि शिव ही नावे त्याचीच. सह्याद्रीपासून इतक्या दूर देवांची अशी रांग भेटल्यावर आमचे हात आपोआप जोडले गेले.

वाट उतरते तशी काळातही उतरते. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींचा. म्हणजे इथला सर्वांत वरचा, सर्वांत तरुण थरही आपल्या कातळाच्या चौपट म्हातारा! पुढे एक उंच तांबडी भिंत लागते. तिचा दगड मुळात करडा. वरच्या थरांतून वाहून आलेल्या लोहाच्या गंजाने ती रंगली आहे. अगदी तळाशी काळा, चकाकता खडक. त्याचेही नाव विष्णू, आणि वय सुमारे १७० कोटी वर्षे. आणि ही एवढी दरी कोरणाऱ्या नदीने आपले काम, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत उरकले आहे. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात गमावलेला मेजर लाकडी होड्यांतून याच नदीने गेला. त्याच्या धाडसापुढे आमच्या धावण्याची मातबरी ती काय!

नदीवरचा झुलता पूल १९२८ सालचा. त्याचे टनाहून जड पोलादी दोर, चाळीसेक माणसांनी रांगेने खांद्यावर घेऊन, याच वाटेने खाली आणले. त्यांतले बहुतेक हवासुपाई जमातीचे, म्हणजे या दरीचे मूळ रहिवासी. पुलापलीकडे १९२२ साली मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली फँटम रँच ही दगडी वस्ती आहे. तिथे थंडगार लिंबाचे सरबत मिळते, आणि पत्रेही टाकता येतात. ती खेचरांच्या पाठीवरून वर जातात व तसा शिक्का त्यांच्यावर उमटतो. मित्राने एक पोस्टकार्ड घेतले, पाठमोरा बसून काहीतरी लिहिले आणि पेटीत टाकले.

तिथून पुढची सहा-सात किलोमीटर वाट काळ्या विष्णुखडकाच्या अरुंद घळीतून जाते. उन्हाळ्यात इथले कातळ भट्टीसारखे तापतात. दहा ते चार या वेळेत इथे पाऊलही टाकू नका, असे वनरक्षक बजावतात. ऑक्टोबरात ती घळ सुखाची होती. बाजूने झरा खळखळत होता. अशा वाटेवर माणसे एकामागे एक चालतात, एकमेकांचे तोंड दिसत नाही, आणि म्हणूनच की काय, एरवी न बोलली जाणारी गोष्ट बोलली जाते.

"आई ऐंशीची झाली रे," तो मागून म्हणाला. "नाशिकला एकटी असते. फोनवर रोज सांगते, मी छान आहे. इतकी वर्षं तेच सांगतेय."

मी नुसता "हं" म्हटले. पुढे बराच वेळ फक्त बुटांचा आवाज होता.

नदीपासून उत्तर काठापर्यंतची चढण ५,७०० फुटांहून अधिक, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त! चिवडा, चिक्की आणि लिंबाचे लोणचे यांच्या बळावर आम्ही ती चढलो. लोणचे चैनीसाठी नव्हते बरे का! घामावाटे मीठ जाते, आणि वर नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले मीठ घटून माणूस भोवंडतो, क्वचित जिवावरही बेतते.

उत्तर काठ ८,००० फुटांवर, देवदारांसारख्या उंच झाडांचा आणि कडाक्याच्या थंडीचा. दरीच्या अगदी धारेवर १९३७ साली पुन्हा उभारलेले दगडी-लाकडी अतिथिगृह होते. रविवारी नेमकी कोजागिरी आली होती. मित्राने पिशवीच्या तळातून केशर-वेलदोड्याची पुडी काढली. बायकोने न बोलता ठेवली होती. उपाहारगृहातून गरम दूध आणले, त्यात ती पुडी रिकामी केली आणि चंद्र वर येईपर्यंत आम्ही शाली पांघरून कुडकुडत बसलो. ढगाआडून चांदणे उतरले तेव्हा ब्रह्मा आणि झरथुष्ट्र रुपेरी झाले होते.

सोमवारी खरी परीक्षा झाली. संध्याकाळी चार वाजता, ब्राइट एंजलच्या वाटेवरच्या एका हिरव्या बागेपाशी मित्राची ताकद सरली. ही हवासुपाईंची शेतीची जागा. १९२८ साली त्यांच्यातल्या शेवटच्या माणसालाही इथून हुसकावण्यात आले. आमच्या भेटीच्या पुढच्याच महिन्यात या बागेला त्यांचे नाव अधिकृतपणे मिळाले. तिथून काठ सात किलोमीटर आणि तीन हजार फूट वर. मित्राचा चेहरा पांढरा, हात गार. आम्ही झाडाखाली तासभर बसलो. लोणचे, बिस्किटे, थोडे थोडे पाणी. मग त्याची पिशवी मी घेतली आणि त्याला पुढे घातले. आता त्याची चाल तीच आमची चाल. शंभर पावले, मग थांबा, पुन्हा शंभर. अंधार पडला. वर काठावरचे दिवे दिसत होते आणि जवळ येत नव्हते.

"उतरताना कसं कळतच नाही, नाही का?" एका वळणावर तो म्हणाला. "पाय आपले चालत राहतात. मागे वळून बघावं तर काठ केवढा तरी वर गेलेला असतो."

तो वाटेबद्दल बोलत होता की आणखी कशाबद्दल, हे मी विचारले नाही. "शंभर झाली की थांबू," एवढेच म्हटले.

नऊ वाजता आम्ही वर आलो. ना टाळ्या, ना फीत. मोटारींचा तळ आणि एक मिणमिणता दिवा. पण गड सर केल्यावर जे वाटते त्याहून हे वेगळे होते. गडावर आपण जातो ते मिरवायला. या दरीतून माणूस वर येतो तो फक्त परत आलेला असतो, आणि त्यातच सारे काही आले.

ज्या अतिथिगृहाच्या कठड्याशी आम्ही कोजागिरीचे दूध प्यायलो, ते २०२५ च्या जुलैत वणव्यात जळून खाक झाले. विजेने पेटलेली ती आग. १९३२ सालीही तिथली पहिली इमारत अशीच जळाली होती. दरी आपल्या जागी आहे. दिवसभरात उतरून वर यायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही. वाचकांपैकी कुणी गेलाच, तर वर यायला खाली उतरण्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवावा आणि सोबतीला असा माणूस घ्यावा, की ज्याच्यासाठी हळू चालताना जिवावर येणार नाही.

आणि ते पोस्टकार्ड? खेचराच्या पाठीवरून, मग विमानाने, नाशिकला पोचायला त्याला पुरते पाच आठवडे लागले. त्यात काय लिहिले होते, ते मला ठाऊक नाही. डिसेंबरात मात्र मित्र स्वतःच नाशिकला पोचला, आणि होळीपर्यंत राहिला.