महेश्वरची बारा चित्रे

इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर वसले आहे. अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी. १७९५ साली त्यांनी देह ठेवला तोही येथेच. डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून आम्ही येथे अनेकदा आलो आणि प्रत्येक खेपेस शेदोनशे छायाचित्रे घेऊन परतलो.

यंदा सोबतीला जुना यशिका-मॅट होता. १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका गुंडाळीवर त्यात सहा सेंटिमीटर चौरसाची बाराच चित्रे निघतात. कॅमेरा पोटाशी धरून, मान लववून वरच्या दुधी काचेत पाहावयाचे. तेथे डावेउजवे उलटते: उजवीकडे निघालेली नाव काचेत डावीकडे सरकते. हाताला ही उलटी चाल उमगेपर्यंत नाव चौकटीबाहेर जाते. म्हणून नावेचा पाठलाग न करता चौकट आधी बांधावी, प्रकाश मोजावा, अंतर जुळवावे आणि नावेची वाट पाहावी, हे आम्ही शिकलो.

त्या प्रतीक्षेतच पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा आणि घाटावरची लहान लहान शिवलिंगे दृष्टीस पडली. सायंकाळी एकच चित्र शिल्लक उरले. ते कशाचे घ्यावे, हे ठरविण्यासाठी आम्ही सारा घाट पुन्हा पायी फिरलो. महेश्वर मनात उतरले ते त्या फेरीत.