एजन्सीचा पोरगा

रमजानमध्ये आमच्या पुण्यातल्या हॉटेलात माणसं कमी पडतात. दिवसभर शुकशुकाट, आणि मगरिबनंतर सहरीपर्यंत उसंत नाही. दोन वर्षांपूर्वी उस्तादांच्या गावची पोरं ऐन वेळी आलीच नाहीत. भाईजानने एजन्सीकडून सहा जण घेतले. उचल द्यायची नाही, कुणी खाडा केला तर एजन्सी बदली माणूस देणार. मलाही पटलं.

हिशेबाच्या वह्या माझ्याकडे. माणशी पगार 18,000, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या 19,800 वर 18 टक्के जीएसटी. झाले 23,364, तेही आगाऊ. आम्ही गिऱ्हाइकाला पाच टक्क्यांनी बिल करतो, त्यामुळे हा भरलेला जीएसटी वळता होत नाही. महाग, पण डोक्याला ताप नाही, असं म्हणत राहिलो.

सत्ताविसाव्या रोज्याला भांडी घासणारा पोरगा गल्ल्याशी आला. ओडिशाचा. गावी पाठवायला पाचशे रुपये उसने मागत होता. पगाराचं विचारलं, तर म्हणाला, बारा हजार ठरलेत दीदी, हातात अजून काहीच नाही.

माझ्या वहीत अठरा! गल्ल्यामागे अब्बांनी मजुरीबद्दलची हदीस फ्रेम करून लावली आहे. तिच्याकडे बघवेना.

एजन्सीला फोन केला. राहण्याचे, गणवेशाचे कापतो म्हणाले, बाकीचे ईदनंतर. भाईजान म्हणाले, "आपण पैसे दिलेत. आता तो त्यांचा माणूस." कायदाही त्यांच्या बाजूने होता. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यावा, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं खरं, पण आपल्या राज्यात तो पन्नासपेक्षा कमी कंत्राटी माणसांना लागत नव्हता. आमचे सहाच.

चाँदरातीला अब्बा स्वतः गल्ल्यावर बसले आणि सहाही जणांना बारा-बारा हजार मोजून दिले. बहात्तर हजार. भाईजान दोन दिवस बोलले नाहीत. एजन्सीकडून ते पैसे आजतागायत सुटलेले नाहीत.

आता पोरं थेट ठेवतो. पगार ज्याच्या त्याच्या खात्यात. उचल बुडते, ईदला गावी गेलेला परत येईलच असं नाही, हे सगळं धरून चालतो. मात्र उस्तादही नव्या पोराच्या पहिल्या पगारातून आपला वाटा घेतात, हे मला गेल्या महिन्यात कळलं. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. उस्ताद गेले तर बिर्याणी कोण करणार?