"नुसती वाफ आहे, सर" : व्हेपमधली कॉइल, बॅटरी आणि आपली फुप्फुसे

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या ओपीडीत एक ताई आल्या. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, पोराच्या सॅकमध्ये सापडलं. तो म्हणतो पेनड्राइव्ह आहे. मग याला आंब्याचा वास कसा येतो?"

तो व्हेप होता, म्हणजे ई-सिगारेट. ताईंनी वीस वर्षे विड्या वळल्या आहेत. सिन्नरमध्ये हे काही नवीन नाही, आपल्याकडे कित्येक घरे विडीवर उभी राहिली. "विड्या वळून याला शिकवलं, आणि हा हे ओढतो," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघेही आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. त्याचे म्हणणे सरळ होते. "सर, यात काही जळत नाही. धूर नाही, राख नाही. नुसती वाफ आहे."

वाचकहो, काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण माझ्यासमोर बसला होता आणि त्यानेही हेच विचारले होते. तेव्हा मला उत्तर येत नव्हते. मी आवाज चढवून "वाईट असतं ते, सोड," म्हणालो. तो पुन्हा कधी आला नाही. ती चूक मला लागून राहिली. त्यानंतर मी हे यंत्र नीट समजून घेतले. तेच आज तुम्हाला सांगतो.

आत तीन गोष्टी असतात : बॅटरी, तारेची छोटी कॉइल आणि कापसाच्या वातीत मुरलेला द्रव. झुरका घेतला की बॅटरीतून वीज कॉइलमध्ये जाते, तार तापते आणि द्रव हवेत उडतो. त्या मुलाच्या यंत्राचा पुढचा भाग वेगळा निघत होता. त्याचे वडील माळेगाव एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगचे काम करतात. त्यांनी तो भाग उजेडात धरला आणि म्हणाले, "साहेब, ही तर हीटरची कॉइल. ओहम कमी, तर अँपिअर जास्त. आमच्याकडं वायंडिंग असंच जळतं."

नेमके हेच. पूर्ण चार्ज झालेली लिथियम-आयन बॅटरी 4.2 व्होल्ट देते. कॉइलचा रोध 1.2 ओहम असेल तर प्रवाह साडेतीन अँपिअर आणि शक्ती सुमारे 15 वॅट. तीच कॉइल 0.3 ओहमची घेतली तर प्रवाह 14 अँपिअर आणि शक्ती जवळजवळ 59 वॅट. म्हणजे जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बाएवढी शक्ती, नखाएवढ्या तारेत, तोंडापासून दोन बोटांवर. काही यंत्रांत सर्किट ही शक्ती आवरून धरते, काहींत ते साधेच असते. चोरून आणलेल्या मालात आत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

आता "वाफ" या शब्दाकडे येऊ. पाणी 100 अंशांना उकळते. या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिले 188 अंशांना उकळते, दुसरे 290 अंशांना. त्यामुळे बाहेर येते ती सर्दीत घेतो तशी पाण्याची वाफ नसते, ते तापवलेल्या रसायनांचे बारीक तुषार असतात. सोबत निकोटीन आणि वासाची रसायने. आंब्याचा वास खाण्यात चालतो म्हणून फुप्फुसात चालेल असे नाही.

वात ओली असते तोवर द्रव उडताना उष्णता घेऊन जातो. द्रव संपत आला किंवा झुरके एकापाठोपाठ घेतले, की वात कोरडी पडते आणि तारेचे तापमान झपाट्याने चढते. मग द्रव नुसता उडत नाही, त्याचे रेणू तुटतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होते, ज्याने कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. दुसरे अ‍ॅक्रोलिन. ते तुम्हाला ओळखीचे आहे. कढईतले तेल विसरून फार तापले की जो झोंबणारा धूर घशाला आणि डोळ्यांना लागतो, त्यात तेच असते. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो. इथे तो धूर आपण छातीत भरून घेतो.

तार स्वतःही काही सोडते. 2018 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरातली यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी कमी होते. तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर तुषारांत शिसे, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज वाढलेले आढळले.

मी मुलाला हेही सांगितले की त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. विडीच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात फारसे नसते. पण तू विडी सोडून इकडे आलेला नाहीस, तू काहीच ओढत नव्हतास. 5 टक्के लिहिलेल्या द्रवात 1 मिलिलीटरमागे साधारण 50 मिलिग्रॅम निकोटीन असते. सकाळी उठल्यावर पहिली आठवण कशाची होते? तो खाली बघत राहिला. आईने मात्र त्याच्याकडे पाहिले.

बॅटरीचा धोका वेगळा. ती चेपली, भिजली, भलत्या चार्जरवर लावली किंवा सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवला, तर आत शॉर्ट होऊन उष्णता वाढत जाते आणि सेल पेटतो किंवा फुटतो. मांडी, हात आणि चेहरा यांना खोल भाजते. असे झाल्यास कपडे लगेच दूर करा, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडा आणि थेट रुग्णालय गाठा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. बंद पडलेले यंत्र घंटागाडीत साध्या कचऱ्यात टाकू नका, दाबले गेले की तिथे आग लागू शकते. ते ई-कचऱ्यात द्या. आणि लहान मूल घरात असेल तर लक्षात ठेवा, हा द्रव पोटात गेला तर ते विष आहे.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात 2019 च्या कायद्याने बंद आहे. तरीही ती दप्तरापर्यंत पोहोचते. म्हणून पालकांना माझी विनंती : यंत्र सापडले तर आधी मारू नका. मार खाल्लेला मुलगा ते फक्त जास्त चांगले लपवतो. धाप, छातीत दुखणे, न थांबणारा खोकला किंवा ताप असेल तर वेळ घालवू नका, आणि व्हेपबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन विनामूल्य आहे.

तो मुलगा अधूनमधून येतो. एकदा महिनाभर सुटले होते, परीक्षेत पुन्हा सुरू झाले. त्याने हे स्वतः येऊन सांगितले. आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो आहोत. तुमच्याही घरात असे काही सापडले, तर घेऊन या. मी आता आवाज चढवत नाही.