आचाऱ्याचें घड्याळ

घरांतला मुलगा मिळवता झाला म्हणजे त्याला घड्याळ द्यावयाचें, ही आमच्या घरची तीन पिढ्यांची रीत आहे. आजोबांचें खिशांतलें घड्याळ साखळीसह अद्याप कपाटांत आहे. आम्हांस नोकरी लागली तेव्हां वडिलांनीं एच्. एम्. टी.चें ‘जनता’ घेऊन दिलें. या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं घड्याळें काढण्यास आरंभ केला, आणि २०१६ सालीं सरकारनें ती घड्याळ-कंपनी बंद करण्याचें ठरविलें. आमचें ‘जनता’ मात्र रोज सकाळीं किल्ली दिली कीं अजून चालतें. तेव्हां धाकट्या बंधूंच्या मुलाला नोकरी लागल्यावर त्यालाहि घड्याळ देणें हें ओघानेंच आलें. अडचण एवढीच होती कीं, त्याची नोकरी स्वयंपाकघरांतली होती.

ही अडचण आज आम्ही एका वाक्यांत सांगतों आहों. त्या काळीं ती सगळ्या घराला पुरून उरली होती. बारावीला उत्तम गुण मिळवून या मुलानें दादरच्या हॉटेल-व्यवसायाच्या संस्थेंत नांव घातलें. ही संस्था लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानें १९५४ सालीं निघालेली आहे, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक असतें तरी आम्हीं कांहीं ऐकून घेतलें नसतें. एके रात्रीं पंक्तींत, सर्वांच्या देखत, आम्हीं म्हटलें, “आचारीच व्हावयाचें होतें, तर एवढें शिकविण्याचे श्रम कशाला घेतले?” मुलगा पानावरून उठला नाहीं. ताकभात संपवून, हात धुऊन, मग तो निघून गेला. पुढें तीन वर्षें तो आमच्याशीं विचारल्यापुरतेंच बोलत असे.

म्हणून हें घड्याळ नुसतें रीतीचें नव्हतें. तोंडानें क्षमा मागण्याची सवय आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना नाहीं. तें काम आम्ही वस्तूंकडून करवून घेतों. आम्हीं चार दुकानें पालथीं घातलीं आणि हात सैल सोडून एक घड्याळ घेतलें. पोलादी घर, वर नीलमणि-कांच, खालीं उत्तम चामड्याचा पट्टा, आणि हाताच्या हालचालीनें आपोआप किल्ली बसणारें यंत्र. “जन्मभर टिकेल,” असें दुकानदार म्हणाला. कुटुंबानें मुलाला कुंकूं लावलें, त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला आणि म्हटलें, “फार सुंदर आहे, काका.”

त्यानंतर तो सुटीला घरीं आला तेव्हां त्याचें मनगट रिकामें होतें. दुसऱ्या खेपेसहि रिकामेंच. तिसऱ्या खेपेस मात्र आमच्यानें राहवेना. आईच्या समोरच आम्हीं विचारलें, तेव्हां तो थोडा ओशाळून म्हणाला, “डबींत जपून ठेवलें आहे, काका. स्वयंपाकघरांत हातावर कांहीं चालत नाहीं.”

हें आम्हांस प्रथम निमित्तच वाटलें. परंतु त्यानें जें सांगितलें तें निमित्त नव्हतें. अन्नाविषयींचीं मानकें ठरविणारें कोडेक्स नांवाचें आंतरराष्ट्रीय मंडळ आहे. दागिने, घड्याळें, टांचण्या यांपासून अन्नास धोका पोंचण्यासारखा असेल, तर त्या वस्तु अंगावर असूं नयेत, असें त्याच्या स्वच्छतेच्या नियमांत आहे. अमेरिकेची अन्नसंहिता त्याहून कडक आहे. अन्न तयार करणाऱ्याच्या हातांवर साध्या अंगठीखेरीज कांहीं असतां कामा नये, असें ती सांगते. कारण उघड आहे. पट्ट्याखालीं घाम, पीठ, तेल सांचतें. हात कितीहि धुतले तरी तेवढी जागा कोरडीच राहते. आणि एखादा खिळा किंवा कांचेचा कण पातेल्यांत गेला तर तो जेवणाराच्या दातांखालींच सांपडावयाचा.

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आई म्हणाली, “यांत रागावण्यासारखें काय आहे? आम्ही सोवळ्यांत कणीक मळतांना बांगड्या कोपरापर्यंत मागें सारीत होतों, अंगठी काढून कोनाड्यांत ठेवीत होतों. तुला कधीं दिसलें नाहीं, कारण तूं त्या खोलींत कधीं आलाच नाहींस.”

आमच्या घरच्या सोवळ्यानें कित्येकांना उंबऱ्याबाहेर ठेवलें, हें आम्ही विसरलेले नाहीं, आणि त्याचें समर्थनहि करीत नाहीं. परंतु त्याच सोवळ्यांत हात धुण्याचा जो भाग होता, तो पुतण्याच्या स्वयंपाकघरांत जात न विचारतां सर्वांना सारखा लागू झाला आहे, एवढें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

मग त्यानें आमच्या जन्मभर टिकणाऱ्या घड्याळाची हळूहळू फोड करून दाखविली. चामडें तेल पितें, वास धरतें आणि कढत पाण्यानें धुतां येत नाहीं. त्याऐवजीं पोलादी पट्टा घेतला तर त्याच्या सांध्यांत पीठ बसतें आणि शेगडीवर तो तापतो. नीलमणि-कांच काठिण्यांत दहापैकीं नऊ अंशांची, तिच्यावर चरा म्हणून पडत नाहीं. पण दगडी फरशीवर किंवा पोलादी ओट्यावर आपटली तर तिच्या ठिकऱ्या उडूं शकतात. नासानें १९६५ सालीं अंतराळवीरांसाठीं पसंत केलेल्या ओमेगाच्या स्पीडमास्टर घड्याळावर कांच नव्हती, प्लॅस्टिकचें झांकण होतें; तें चरे पाडून घेतें, पण त्याचे तुकडे उडत नाहींत. राहतां राहिलें यंत्र. विजेच्या इंडक्शन शेगडीजवळ चुंबकीय क्षेत्र असतें. घड्याळांतील केसासारख्या बारीक कमानीनें तें चुंबकत्व धरलें तर तिचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि घड्याळ पुढें धांवूं लागतें. तात्पर्य, जें जन्मभर टिकणार म्हणून आम्हीं घेतलें होतें, तें त्याच्या कामावर महिनाभरहि धड राहिलें नसतें.

“मग तुला घड्याळ नकोच म्हणावयाचें!” आम्हीं जरा तोऱ्यानेंच म्हटलें.

“उलट, काका, माझ्याइतकी गरज कोणाला नसेल,” असें म्हणून त्यानें एका दुपारची हकीकत सांगितली.

रात्रीच्या जेवणावळीसाठीं बारा किलो तांदळाचा भात आधीं शिजवून, निववून, शीतपेटींत ठेवावयाचा होता. निवविण्याचें काम याच्याकडे होतें. तांदळाबरोबर बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचीं बीजें येतात, आणि भात शिजला तरी तीं मरत नाहींत. भात फार वेळ कोमट राहिला म्हणजे तीं रुजतात, जंतु वाढतात आणि विष सोडतात; त्यांतलें ओकारी आणणारें विष पुन्हां उकळल्यानेंहि जात नाहीं. म्हणून शिजलेलें अन्न ५७ अंश सेल्सिअसवरून दोन तासांच्या आंत २१ अंशांवर, आणि त्यापुढील चार तासांत ५ अंशांवर आलें पाहिजे, असा अमेरिकेच्या संहितेंतील नियम आहे. तोच त्याच्या हॉटेलांत पाळतात. खोल पातेल्यांतला भात मध्यभागीं तासन् तास गरम राहतो. तो उथळ परातींत पसरावा लागतो. त्या दिवशीं इतर कामांच्या गर्दींत हा भात पातेल्यांतच राहिला. भिंतीवरचें घड्याळ दालनाच्या दुसऱ्या टोकाला, वाफेआड. याच्या ध्यानांत आलें तेव्हां उष्णतामापक मध्यभागीं ४० अंश दाखवीत होता, आणि भात उतरवून किती वेळ झाला, हें कोणालाच सांगतां येईना.

“दोन तास झाले असतील, किंवा नसतीलहि,” तो म्हणाला. “ठाऊक नसेल तर झाले असेंच धरावयाचें. मीं सगळा भात टाकून दिला, वरिष्ठांना जाऊन सांगितलें, आणि नवा आदण ठेवला.”

“ते काय म्हणाले?”

“बोलणीं खाल्लीं. चूक माझीच होती.”

खोलींत कोणी बोलेना. आमच्या घरांत पानांत शीत टाकलेलें आईला चालत नाहीं. बारा किलो तांदळाचा भात टाकून दिल्याचें ऐकून ती काय म्हणते, याची आम्हांस धास्तीच होती. तिनें विचारलें, “किती पानें व्हावयाचीं होतीं?”

“दीडशें, आजी.”

“मग बरें केलेंस,” आई म्हणाली. “पण पुढच्या खेपेला आधीं पसर.”

आम्हीं अडतीस वर्षें कचेरींत काढलीं. आपली चूक आपल्या तोंडानें सांगून दीडशें माणसांचें अन्न टाकून देण्याचा प्रसंग आमच्यावर आला असता, तर आम्हीं काय केलें असतें, याचें उत्तर आम्ही येथें लिहीत नाहीं. एवढें खरें कीं, दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याला घेऊन पुन्हां दुकानांत गेलों. या वेळीं मात्र घड्याळ त्यानें निवडावें आणि पैसे आम्हीं द्यावे असें ठरलें.

त्या निवडींतून आम्ही जें शिकलों, तें इतर घरच्यांच्याहि उपयोगीं पडेल. घड्याळाच्या पाठीवर ‘३० मीटर’ लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ तें घालून तेवढ्या पाण्यांत उतरावें असा नव्हे. तो आंकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. व्यवहारांत ३० मीटर म्हणजे हात धुतांना उडालेले थेंब, आणि पोहावयाचें तर १०० मीटरचें घ्यावें. शिवाय हे आंकडे थंड पाण्याचे. कढत पाणी, साबण आणि वाफ यांनीं आंतला रबरी वायसर कालांतरानें कडक होतो. म्हणून बॅटरी बदलतांना तोहि बदलून घ्यावा. घंटीवर फार विसंबूं नये. धूर ओढणाऱ्या पंख्यांच्या घरघरींत ती ऐकूं येत नाहीं. आंकडे मोठे असावे, आणि उलट मोजणी करण्याची सोय असावी.

दुकानदारानें जी-शॉक पुढें केलें. कॅसिओ कंपनीचे अभियंते किकुओ इबे यांचें वडिलांनीं दिलेलें घड्याळ खालीं पडून फुटलें. तेव्हां पडलें तरी फुटणार नाहीं असें घड्याळ करावयाचें त्यांनीं मनावर घेतलें. दहा मीटरवरून पडून टिकावें, दहा बार पाण्याचा दाब सोसावा आणि बॅटरी दहा वर्षें चालावी, असा त्यांचा पण होता. दोनशेंहून अधिक नमुने मोडल्यावर १९८३ सालीं तें घड्याळ बाजारांत आलें. ही हकीकत ऐकून तेंच घ्यावें असें आमच्या मनानें घेतलें. वडिलांनीं दिलेल्या वस्तूची एवढी चाड असलेला माणूस आम्हांस आपला वाटला. पण पुतण्या तें उलटसुलट पाहून म्हणाला, “हें फुटणार नाहीं खरें, पण याच्या खांचांत कणीक बसेल.”

शेवटीं त्यानें गुळगुळीत कडांचें, प्लॅस्टिकचें, आंकडे दाखविणारें, १०० मीटरचें एक निळें घड्याळ घेतलें. निळें कां, असें विचारतां तो म्हणाला कीं, निळ्या रंगाचें अन्न सहसा नसतें; त्यामुळें तशी वस्तु पातेल्यांत पडली तर चटकन् दिसते. स्वयंपाकघरांतल्या जखमेवरच्या पट्ट्याहि म्हणूनच निळ्या असतात. त्याचा पट्टा त्यानें तेथेंच काढून टाकविला. वरिष्ठांच्या परवानगीनें तें आतां कोटाच्या बाहीवरच्या खिशांत, उष्णतामापकाशेजारीं राहतें. किंमत पहिल्याच्या दशांशहि नव्हती.

परत येतांना आम्हीं कसेंबसें म्हटलें, “मागें तुला आचारी म्हटलें, तें माझें चुकलें.”

“आचारीच तर आहें मी, काका,” तो म्हणाला. “शब्द वाईट नव्हता. सूर वाईट होता.”

गेल्या दिवाळींत त्याला दोन दिवसांची सुटी मिळाली. आई खुर्चीवर बसून सांगत होती, आणि तो ओट्याशीं उभा राहून अनरसे तळीत होता. तळणीचा वास घेत आम्हीहि आंत गेलों आणि ताटांतला एक अनरसा उचलावयास हात पुढें केला, तोंच आई म्हणाली, “आधीं मनगटावरचें काढ, आणि हात धुऊन ये.”

आम्हीं ‘जनता’ काढून फळीवर ठेवलें. तेथें त्याचें निळें घड्याळ अनरशांचीं मिनिटें मोजीत होतें. दोहोंच्या वेळेंत चार मिनिटांचा फरक होता. मागें होतें तें आमचें.