सेल नको, चामडं नको, तरी घड्याळ देखणं हवं



घड्याळाच्या दुकानात गेलं की आपली पंचाईत होते. आवडलेल्या घड्याळाचा पट्टा चामड्याचा निघतो. चमकणारी डायल मदर ऑफ पर्लची, म्हणजे शिंपल्याची असते. हे दोन्ही टाळून एखादं सापडलं तर आत सेल! सेलचं घड्याळ आमच्या घरी सामायिकात चालत नाही, तेउकायाची विराधना नको म्हणून. (वीज अचित्त मानणारेही आपल्यात आहेत, तेरापंथात तो विचार आहे. त्या चर्चेत मी पडत नाही.) मग घड्याळ काढून ठेवायचं आणि 48 मिनिटं मोजायला रेतीची घडी शोधायची.

यावर उपाय कपाटातच होता. सासऱ्यांचं चावीचं एचएमटी. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला ही घड्याळं बनू लागली, आणि 2016 मध्ये सरकारने तो घड्याळ कारखाना बंद करायचं ठरवलं. पण चावीची घड्याळं अजून दुरुस्त होतात. डायलवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, ते वाचून दचकू नका. ती आतल्या चाकांच्या टोकांना बसवलेली कृत्रिम माणकं असतात, मोती-शिंपला काही नाही.

पुरुषी घड्याळ हातावर कसं दिसेल, ही शंका मलाही होती. सून म्हणाली, “मम्मी, आता बायका मोठ्याच डायलची घड्याळं घालतात.” आणि खरंच, पांढरी डायल, बारीक काटे, कॉटनच्या साडीवर ते फार शोभतं. बायकांची जुनी घड्याळं नाजूक असतात, पण चष्म्याशिवाय त्यात वेळ दिसेल तर शपथ.

खरी शोभा पट्ट्यात असते. आधी घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने मोजा. आमच्याचं 18 मिलिमीटर निघालं. ‘व्हेगन लेदर’ला भुलू नका, बहुतेक ते रेक्झिनच असतं, आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने सोलपटतं. मी नायलॉनचा विणलेला पट्टा घेतला, गडद निळा. तो घड्याळाच्या खालून अखंड जातो, म्हणून एक पिन तुटली तरी घड्याळ खाली पडत नाही. साबणाने धुता येतो. लग्नकार्यासाठी स्टीलच्या जाळीचा दुसरा पट्टा घ्यायचा विचार आहे, बदलायला पाच मिनिटं लागतात.

हिशेब असा: नांदेडला वजिराबादेत साफसफाई आणि तेलपाणी 450, काच 80, पट्टा 220. एकूण 750 रुपये. घड्याळ घरचं म्हणून त्याची किंमत शून्य धरली; कॉमर्सचे आमचे सर असते तर यावर लाल शेरा मारला असता.

घरात जुनं घड्याळ नसेल तर वापरलेलं विकत मिळतं, पण जपून. रंगीबेरंगी, कोरी करकरीत दिसणारी डायल बऱ्याचदा नव्याने रंगवलेली असते. पाठचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागा. दाखवायला कां-कूं केलं तर सोडून द्या.

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, अडखळलं की थांबा, जोर करू नका. भांडी घासताना काढून ठेवा, पाणी याला सोसत नाही. सेलच्या घड्याळाइतकं हे काटेकोर नसतं, म्हणून सकाळी मोबाईलशी जुळवून घ्यायचं.

आणि वेळ जुळवली तरी सूर्यास्त कुठला पाहता, तेही बघा. आपल्यातल्या कित्येक घरी मुंबईहून आलेला चौविहाराचा तक्ता भिंतीवर असतो. भोकर मुंबईच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य साधारण 19 मिनिटं आधी मावळतो. मुंबईच्या वेळेवर शेवटचा घास घेतला तर इथे चौविहार मोडलेलाच असतो. सकाळी उलट, आपला सूर्य आधी उगवतो, त्यामुळे नवकारशीही मुंबईच्या आधी येते. भोकर किंवा नांदेडचाच तक्ता वापरा.

माझं घड्याळ सध्या दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं. चौविहाराला ते पुढे असलेलंच बरं. नवकारशीला मात्र मी एक मिनिट जास्तीचं थांबते.